दहिवरात वेचलेला कापूस

बडनेरा आणि अमरावती, गुरुवार

बडनेऱ्याला गाडी फार थांबत नाही, म्हणून मी आधीच्या स्थानकापासूनच सगळं दाराशी आणून ठेवलं होतं: दोन बॅगा, खाण्याची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि माझी भाची सानिका. शेवटची सोडून सगळं दाराशी टिकलं.

फलाटावर उतरून मागे पाहते तर ती नाही. फोन लावला तर बंद. गाडी सुटून गेली, फलाट रिकामा झाला आणि मी दोन बॅगा ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेले. चाळीस मिनिटांनी ती स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा पिताना सापडली.

"दुसऱ्या दारानं उतरले. या दाराशी गर्दी होती ना."

"आणि फोन?"

"चार्जिंग वाचवत होते."

सानिका एकोणीस वर्षांची आहे, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. काही बिघडलं की दिसेनासं होणं हा तिचा लहानपणापासूनचा उपाय. शाळेत असताना घरातल्या घरात माळ्यावर जायची. आता पल्ला वाढला आहे. मागच्या वर्षी कॉलेजात पाचजणींनी मिळून एक प्रकल्प केला होता. तिच्या वाट्याचा भाग झाला नव्हता. हे सांगण्याऐवजी सादरीकरणाच्या दिवशी ती फोन बंद करून नाशिकला मैत्रिणीकडे जाऊन बसली. दोन दिवस शोधाशोध, पोलीस चौकी, बहिणीचं रडणं. बाकी चौघी नापास झाल्या आणि सानिकानं कॉलेज सोडलं. तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. जानेवारीत पुन्हा प्रवेश घ्यायचा की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोपवलं. "तू घेऊन जा तिला तुझ्या त्या बाईंकडे, आणि काय वाटतं ते सांग."

'माझ्या त्या बाई' म्हणजे यमुनाबाई. चोविसाव्या वर्षी बँकेत लागले आणि पहिली नेमणूक तेल्हाऱ्याला झाली, तेव्हा तीन वर्षं मी त्यांच्याकडे भाड्यानं राहत होते. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मी तेव्हा पुण्याहून नाक वर करून आलेली, हे नको ते नको म्हणणारी मुलगी. तीन वर्षांत त्यांनी मला माणसात आणलं. कसं, ते आजही सांगता येणार नाही. आता त्या निवृत्त आहेत आणि तेल्हाऱ्याजवळच्या आपल्या गावी कापूस करतात. मी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आन तिले. वेचणीले हात कमीच आहेत."

अमरावतीला एक दिवस ठेवला होता, सानिकाला शहर दाखवायचं म्हणून. माझ्या वहीत सात ठिकाणं होती, झाली तीन. रिक्षावाल्याशी मी भाडं ठरवत होते तर तो म्हणाला, "बसा ना बाई, पाहून काय राहिल्या?" पुण्यात असं कुणी बोललं तर माणूस दुखावतो. इथे हे आपुलकीचं बोलणं आहे, ते कळायला मला पूर्वी सहा महिने लागले होते. सानिकाला अर्धं मिनिट लागलं आणि ती हसत बसलीसुद्धा. नवख्या माणसात ती पटकन मिसळते. अडचण ओळख झाल्यानंतर सुरू होते.

जाणाऱ्यांसाठी सांगते: अमरावतीत गिला वडा चुकवू नका. दह्यात भिजवलेला, वर तिखट, चटणी, शेव. आपल्याकडच्या दहीवड्यासारखा तो लाजत नाही. सांभारवडीही खा, म्हणजे कोथिंबीर ठासून भरलेली तळलेली वडी. सानिकानं चार खाल्ल्या आणि पाचवी माझ्या ताटात टाकून हात धुवायला गेली, ती वीस मिनिटं आली नाही. मी पुन्हा शोधायला उठले. ती मागच्या बाजूला वडीवाल्याच्या मुलीला मोबाइलवर काहीतरी दाखवत उभी होती. वैतागणं किती वेळा लिहायचं, म्हणून यापुढे प्रत्येक वेळी लिहीत नाही. ते होतंच असं समजावं.

दर्यापूरमार्गे, शुक्रवार

अमरावतीहून दर्यापूरपर्यंत एसटी, पुढे अकोट आणि तेल्हारा वडापच्या जीपनं. वऱ्हाडातली जीप घड्याळावर चालत नाही. भरली की निघते. दर्यापूरला आम्ही दोघी बसल्यावर ड्रायव्हर गायब झाला. तासाभराने आला, माणसं मोजली, "अजून दोन पायजेत" म्हणाला आणि परत गायब. मी त्याला वेळापत्रक विचारलं. शेजारचे आजोबा माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागले.

पण रस्ता बघण्यासारखा आहे. दोन्हीकडे काळी जमीन, इतकी काळी की कापसाचं पांढरं बोंड डोळ्यांत घुसतं. मध्येच तुरीच्या ओळी, सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. आपल्याकडे नजर दर मैलाला डोंगराला अडते. इथे ती जाते तशी जाते. सानिकाने कानातले इयरफोन काढून ठेवले आणि बाहेर बघत बसली. मी वहीत टिंब दिलं. चांगल्या गोष्टीला मी टिंब देते.

यमुनाबाईंचं घर स्लॅबचं, साधं. पुढे मोठं अंगण, बाजूला कापसाची खोली, मागे लगेच शेत सुरू. बाई अंगणातच उभ्या होत्या. अडुसष्टाव्या वर्षीही पाठ सरळ.

"आल्या का? मले वाटलं दुपारलेच पोचान." मग सानिकाकडे वळून, "हात दाखव."

सानिकाने हात पुढे केले.

"नखं काप. बोंडात अडकतीन."

स्वागत संपलं.

रात्रीच्या जेवणानंतर मी त्यांना एक कागद दिला. त्यावर सानिकाशी काय काय बोलायला हवं ते मी नऊ मुद्द्यांत लिहून आणलं होतं: जबाबदारी, प्रामाणिकपणा, वेळेचं भान वगैरे. बाईंनी चष्मा लावून सगळा वाचला.

"हे काय वं नीला, बँकेचा फारम?"

"बाई, तुम्ही बोललात तर तिच्यावर परिणाम होईल."

"मी बोलली होती का तुह्याशी कधी असं?"

मी आठवून पाहिलं. खरंच कधीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी कागदाची घडी करून डुगडुगणाऱ्या मिक्सरच्या पायाखाली सारली. मिक्सर स्थिर झाला. माझा जीव झाला नाही.

पहिली वेचणी, शनिवार

पहिल्या वेचणीला इथे सीतादही करतात. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पहिला वेचलेला कापूस आणि दहीभात ठेवायचा, मग तोच दहीभात सगळ्यांनी खायचा. ना भटजी, ना मुहूर्ताची धावपळ. पुण्यात आम्ही घरच्या पूजेचं सामान आणायला दोन फेऱ्या मारतो, इथे अर्ध्या तासात देव, माणसं आणि दहीभात सगळं आटोपलं.

पहिलं बोंड वेचण्याचा मान कुसुमचा. कुसुम चाळिशीतली, काटक, कमी बोलणारी. वीस वर्षं ती बाईंच्या शेतात वेचणीला येते. दोन्ही हात एकाच वेळी दोन झाडांवर चालतात, आणि ओटीत, म्हणजे कमरेला बांधलेल्या फडक्याच्या झोळीत, पडलेल्या कापसात पानाचा तुकडा सापडणार नाही. "हिच्या हाताचा कापूस धुवून आणल्यावानी असते," बाई मला म्हणाल्या. बाजारात बाईंच्या कापसाला नाव आहे, ते अशा हातांमुळे.

कामाचे नियम बाईंनी सगळ्यांसमोर एकदा सांगितले. एकच खरा नियम होता: "दहिवर सुकल्याबिगर पऱ्हाटीले हात लावाचा नाई." दहिवर म्हणजे दव, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. दवात वेचलेला कापूस ओला असतो. वजनाला भरतो, पण गंजीत, म्हणजे खोलीतल्या ढिगात, दडपला की आतून तापतो, पिवळा पडतो आणि आजूबाजूचा चांगला कापूसही खराब करतो. मी हे वहीत लिहून घेतलं. सानिकाच्या कानात तेव्हा गाणी चालू होती.

वेचणीला आलेल्या अकरा बायांनी तिला दिवसभर सोडलं नाही.

"शहरातली पोट्टी फोटो काढाले आली का वं?"

"नाई वं, वेचाले आली. पाय ना, एक बोंड, एक विश्रांती."

कुसुमनेच तेवढं तिला दाखवलं. "ओढू नको. पाचही बोटं आत घाल आन उचल. काडी तथीच राहू दे."

संध्याकाळी काट्यावर एकेक गाठोडं चढलं. सानिकाचं चढलं तेव्हा एक जण ओरडली, "काट्याले कळलंच नाई बाप्पा!" अकराही जणी हसल्या. सानिकाही हसली, पण मी तिला ओळखते. तिने बोटं पाठीमागे लपवली होती. बोंडांच्या टोकांनी ती सोलून निघाली होती.

जाता जाता कुसुमने विचारलं, "बाई, उद्या दुपारी मले अकोटले जायचं हाय. सकाळी लवकर सुरू करू का?"

"नाई. दहिवर सुकल्यावर ये. कमी झालं त झालं."

रविवार

साडेपाचला मला जाग आली. खिडकीतून पाहिलं तर सानिका ओटी बांधून एकटीच शेताकडे निघालेली. साडेसातला परतली, केस ओले, बूट चिखलाने जड आणि खांद्यावर चांगलं मोठं गाठोडं. ते घेऊन ती कापसाच्या खोलीत गेली आणि रिकामी बाहेर आली. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"मावशी, सांगू नकोस हं. संध्याकाळी सगळ्यांसमोर काट्यावर टाकते. मग बघू कोण हसतं."

मी काय करायला हवं होतं ते आता कुणालाही कळेल. मी मात्र वहीत तीन टिंबं दिली. सानिका, आपण होऊन, पहाटे, कामाला! मला दुसरं काही सुचलंच नाही.

दुपारपर्यंत बायांनी आपापला कापूस तोलून खोलीत ओतला आणि तिचं गाठोडं सुटून त्याखाली गडप झालं. संध्याकाळी ती दारातून गंजीकडे बघत उभी राहिली, मग हात धुऊन जेवायला आली.

अकोला, सोमवार

मी एक दिवस अकोल्याला जाऊन आले. जुनी सहकारी तिथे असते, तिला भेटायचं होतं. ऑक्टोबर संपत आला होता तरी ऊन असं की डोक्यावर ओढणी घेतल्याशिवाय रस्ता ओलांडवत नाही. अकोल्याचे लोक त्याला ऊन म्हणत नाहीत, "आता थंडी लागून राहिली" म्हणतात. कच्चा चिवडा घ्या, तोही समोर कालवून. कांदा, शेंगदाणे, तिखट आणि कच्चं तेल. बांधून घेतला तर बसमध्ये संपतो, हा माझा अनुभव.

तिथूनच मी मेहुण्यांना फोन केला. "पहाटे उठून एकटी शेतात गेली. कुणी सांगितलं नव्हतं." त्यांनी विचारलं, "खरं?" त्या एका शब्दात वर्षभराचं सगळं होतं. मी म्हटलं, "खरं. मी स्वतः पाहिलं."

मंगळवार

सकाळी बाई कापसाच्या खोलीत गेल्या आणि दारातच थांबल्या. "खोलीत ऊब हाय," म्हणाल्या. मग त्यांनी गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. दमट, पिवळसर, काडीकचऱ्याने भरलेला कापूस. मी तिथेच होते. मला रविवारचं गाठोडं आठवलं.

बाया आल्या तेव्हा बाईंनी ती मूठ सगळ्यांसमोर धरली.

"कुसुम, परवा तू लवकर आली होती न?"

"आलती. पण धुऱ्यावर बसली होती. दहिवर सुकल्यावरच हात लावला."

"तू आदल्या दिवशी विचारलं होतं मले."

"इचारलं होतं. तुमी नाई म्हटलं, मी बसून राहिली." कुसुमचा आवाज चढला नाही. "बाई, वीस वर्सं पायलं तुमी मले."

"मंग हे कोनाचं?"

कुसुमने एकेकीकडे पाहिलं. सानिका बुटांकडे बघत होती. आणि मी, चोपन्न वर्षांची, तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या चुका पकडलेली बाई, वहीत काहीतरी शोधत असल्यासारखी पानं उलटत होते. डोक्यात एकच: मेहुण्यांना काय सांगू? जानेवारीचं काय? एका वाक्यात सगळं संपणार होतं. मी ते वाक्य बोलले नाही.

कुसुमने कमरेची ओटी सोडली, नीट घडी केली आणि पायरीवर ठेवली. "तुमचा कापूस तुमच्यापाशी," म्हणाली आणि गेली.

दिवसभर मी सानिकाला एकटी गाठायचा प्रयत्न केला. ती विहिरीवर, ती शेतात, ती झोपलेली. संध्याकाळी सापडली तेव्हा म्हणाली, "सांगणार आहे गं मी. उद्या." हा 'उद्या' मी ओळखून होते. तरी मी तिला हाताला धरून बाईंसमोर उभी केली नाही. जेवणात भरीत आणि ज्वारीची भाकर होती. भरीत उत्तम होतं, असं इतर वेळी लिहिलं असतं.

बुधवार

सकाळी सानिका नव्हती. बॅगही नव्हती. फोन बंद.

मी फाट्यापर्यंत धावले. चहावाला म्हणाला, मुलगी जीपमध्ये बसलेली पाहिली, जीप आताच गेली. मी घामाघूम परत आले. बाई चुलीपुढे पोळ्या करत होत्या.

"बाई, ती पळाली! आपण गाडी करू, अकोल्याला गाठता येईल—"

"जाऊ दे. कुठी जाईन? तुह्याचकडे. पोयी लाट."

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" माझा तोल गेला. "सहा दिवस झाले, तुम्ही तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत! मी इतक्या लांबून आणली ती कशासाठी?"

"काय बोलू? काई केलं का तिनं?"

आणि मग ते बाहेर पडलं. "बाई, कुसुम नव्हती. सानिका होती. रविवारी पहाटे. मी पाहिलं होतं."

बाईंचा हात तव्यावर थांबला. पोळी जळू लागली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि गॅस बंद करावा तसं शांतपणे चुलीतलं लाकूड ओढून घेतलं.

"तुले ठाऊक होतं. आन काल तू वही चाळत होती."

मी मान हलवली. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या उठल्या, चप्पल घातली, पायरीवरची ओटी उचलली. "चाल. कुसुमच्या घरी."

फाटकापर्यंत पोचलो नाही तोच समोरून आरडाओरडा ऐकू आला. कुसुम सानिकाला दंडाला धरून आणत होती. सानिकाची बॅग दुसऱ्या हातात.

झालं होतं असं. फाट्यावरून निघालेली जीप पुढच्या थांब्यावर आणखी माणसं मिळेपर्यंत उभी राहिली. तिथे कुसुम चढली. बाईंचं काम सुटल्यावर ती दुसऱ्या गावी वेचणीला निघाली होती. जागा नेमकी सानिकाशेजारची. तिने सानिकाला पाहून विचारलं, "खाल्लं का काई सकाळपासून?" आणि डब्यातली अर्धी भाकर पुढे केली. सानिकाने ती घेतली नाही. भर जीपमध्ये म्हणाली, "काकू, तो कापूस मी वेचला होता."

"घ्या तुमची पोट्टी!" कुसुमने तिला आमच्यापुढे उभी केली. एरवी गप्प असणारी कुसुम आता थांबत नव्हती. "धा मानसाइच्या समोर सांगून राहिली, काकू मी केलं. काल कुठी गेलती तुही जीभ? मले घरी माह्या नवऱ्यानं इचारलं, काहून लवकर आली. काय सांगू त्याले? चोर ठरली म्हनू?"

"कुसुम," बाई म्हणाल्या, "मी तुह्याचकडे निघाली होती."

"कायले?"

"थांब. काल साऱ्याइच्या समोर बोलली, आता साऱ्याइच्या समोरच सांगतो." वऱ्हाडात बायाही असंच 'सांगतो', 'येतो' म्हणतात. बाईंनी शेताकडे तोंड करून हाका मारल्या. बाया ओट्या सावरत आल्या. बाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, शाळेत प्रार्थनेला राहायच्या तशा.

"कापूस कुसुमनं दहिवरात वेचला नाई. मी पायल्याबिगर तिचं नाव घेतलं. वीस वर्सं तिचा हात पायला, तरी घेतलं. चुकलं माह्यं."

एवढंच. हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत, कारण दिलं नाही. मी त्यांना इतक्या लहान आणि इतक्या उंच कधीच पाहिलं नव्हतं.

सानिका घाबरून पुढे झाली. "आजी, तुम्ही कशाला? चूक तर माझी—"

"तुही तू सांग. माही मी सांगतली. वाटून घ्याले हे काई पंगतीतले रोडगे नाईत."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी सांगितलं की मी पाहिलं होतं आणि गप्प बसले. बायांमधून कुणीतरी म्हणालं, "बाप्पा, बँकेवाल्या म्याडम!" तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं कुणी सुनावलं नव्हतं.

शेवटी सानिका. पहाटे वेचला, सगळ्यांना दाखवायचं होतं, नियम ऐकला नव्हता, गंजीत दबला, मग सांगायची भीती वाटली. मध्ये दोनदा तिने फाटकाकडे पाहिलं. पण पाय हलले नाहीत.

बाईंनी ओटी कुसुमपुढे धरली. "येशीन का?"

"नाई. आता तिकडे शब्द देल्ला." कुसुमने ओटी घेतली मात्र. "तुमी सांगतलं ते बरं झालं. पन मन लागाले वेळ लागीन."

"हाव," बाई म्हणाल्या. आग्रह केला नाही. मला वाटलं होतं की सगळं गोड होईल आणि आपण जेवायला बसू. तसं झालं नाही. कुसुम निघून गेली आणि सानिका ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

दुपारी मी मेहुण्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मग प्रवेशाचं काय?" मी म्हटलं, "मी ठरवत नाही. तिचा फोन चालू आहे, तिलाच विचारा." त्यांनी विचारलं. पंधरा मिनिटं दोघं बोलले. काय, ते मला माहीत नाही. सानिकाने डोळे पुसले आणि एवढंच सांगितलं, "वेचणी संपेपर्यंत इथेच राहते. मग बाबांकडे जाऊन बोलते."

गुरुवार

सगळी गंजी उपसून अंगणात उन्हात पसरायची, ओला आणि पिवळा वेगळा काढायचा. यंत्राने होत नाही, बोटांनीच करावं लागतं. सानिका पहाटेपासून बसली होती. बाईंनी घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट बजावली, मलाही: कुणी विचारलं तर उत्तर तिनेच द्यायचं.

आणि गावात अंगणभर कापूस पसरलेला दिसला की प्रत्येक जण विचारतो. इथे ते विचारणं म्हणजे नमस्कारच.

"काय झालं वं, गंजी काहून उपसली?" दूधवाला.

"मी दवात वेचला होता." आवाज ऐकू येईल न येईल असा.

शेजारची आजी. पोस्टमन. अंगणवाडीतल्या बाई. दोन वाटसरू, ज्यांना कुणीच ओळखत नव्हतं. प्रत्येक वेळी तेच. तिसऱ्या वेळेला तिचे कान लाल झाले. पाचव्या वेळेला तिने माझ्याकडे पाहिलं, मला बोलायची इतकी उबळ आली की मी जिभेला चावा घेतला. सातव्या वेळेला कुसुम दुसऱ्या गावी जायला फाटकावरून चालली होती. थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "उलटवून टाक. खालून ओला राह्यते." सानिकाने लगेच सगळा ढीग उलटवायला घेतला.

मी निघायची वेळ झाली. मला फाट्यावर सोडायला बाईंचा पुतण्या मोटारसायकल घेऊन आला. गाडी अंगणातच घातली आणि कापूस पाहून तो जागीच थबकला.

"बाप्पा! हे काय करून ठेवलं? कोनं केलं?"

माझं तोंड उघडलंच होतं. बाईंनी कोपराने मला ढोसलं.

सानिकाने मान वरसुद्धा केली नाही. बोटं पिवळं वेगळं काढत होती.

"मी. दवात वेचला होता," ती म्हणाली. "आणि दादा, गाडी जरा मागे घ्या ना. कापसावर सावली पडते आहे."